इंग्रजीला ओंजळ नसते म्हणे!

फेब्रुवारीचा शेवटचा आठवडा आला की मराठीच्या श्रीमंतीचे मेसेज फिरायला लागतात. त्यातला एक दर वर्षी थोडा लांब होऊन परत येतो. मजकूर साधारण असा: आपल्याकडे चिमूट, मूठ, ओंजळ, पसा, घोट, वीत, हात, पुरुष अशी अंगानं मोजायची केवढी मापं, इंग्रजीकडे एकटं बिचारं ‘हँडफुल’. त्यांचा फूट म्हणजे हेन्री राजाचं पाऊल, इंच म्हणजे अंगठा, ‘रूल ऑफ थंब’ म्हणजे बायकोला किती जाड काठीनं मारावं याचा कायदा, आणि ‘द होल नाइन यार्ड्स’ (म्हणजे सगळंच्या सगळं) तर आपल्या नऊवारीवरूनच उचललेलं. शेवटी निकाल: असली लहरी मापं टिकणार कशी, मीटर आला आणि गेली. आपली वीत शास्त्रीय आणि त्यांचा फूट लहरी, हे एकाच मेसेजमध्ये कसं बसतं ते लिहिणाऱ्यालाच ठाऊक. मराठी मापांची यादी मात्र खरी आहे, तिच्याशी माझं भांडण नाही. भांडण उरलेल्या सगळ्याशी आहे.

आधी ते ‘एकटं हँडफुल’. रोजच्या इंग्रजीतच बघा. चिमटीसाठी पिंच, मुठीसाठी फिस्टफुल, कवळभर गवतासाठी आर्मफुल, ओटीत मावेल तेवढ्यासाठी लॅपफुल, तोंडभर घासासाठी माउथफुल. पोट भरून वीट आला की बेलीफुल, बोलणी खाऊन कान भरले की इयरफुल, आणि कातडीत मावेल तेवढी ढोसली की स्किनफुल. व्हिस्की बोटांनी मोजतात, ग्लासाच्या तळाशी बोटं आडवी धरून. घोड्यांच्या शर्यतीत हरजीत नाक, डोकं आणि मान यांच्यावर ठरते. महालक्ष्मीच्या रेसकोर्सवरच्या निकालातसुद्धा ‘शॉर्ट हेड’ आणि ‘नेक’च लिहिलेलं असतं. नुसतं रोजच्या भाषेत एवढं आहे.

मेसेजचा हुकमी एक्का म्हणजे ओंजळ. इंग्रजीत ओंजळीला शब्द नाही, हे वाक्य मी चांगल्या वाचणाऱ्या माणसांकडूनही ऐकलंय. शहरी, पुस्तकी इंग्रजीपुरतं ते बरोबर आहे. तिथे ‘दोन्ही हातांचा वाडगा करून’ असं लांबण लावावं लागतं. पण इंग्लंडच्या उत्तर भागात आणि स्कॉटलंडमध्ये नेमका ओंजळीचाच शब्द आहे: गाउपन. नॉर्स, म्हणजे जुन्या स्कँडिनेव्हियातल्या लोकांकडून आलेला. दोन्ही तळवे जोडून झालेला खोलगा तोही गाउपन, आणि त्यात मावेल ते धान्य किंवा पीठ तेही गाउपनच. म्हणजे आपण ‘ओंजळ धर’ आणि ‘ओंजळभर तांदूळ’ दोन्ही म्हणतो, अगदी तसं.

आणि हा शब्द नुसता कवितेत बागडणारा नव्हता, कायद्यात होता. जुन्या स्कॉटलंडमध्ये ठरावीक जमिनीच्या कुळांनी आपलं धान्य ठरलेल्या गिरणीवरच दळायचं असा दंडक असे. दळणातला एक वाटा गिरणीवाल्याचा. त्याशिवाय गिरणीत राबणाऱ्या गड्यांचे छोटे हक्क वेगळे. त्यातल्या एका हक्काचं नावच ‘लॉक’ किंवा ‘गाउपन’. गड्यानं पिठात हात घालायचे आणि जोडलेल्या तळव्यांत येईल तेवढं आपलं म्हणायचं. आपल्या खळ्यावर बलुत्याचा वाटा निघायचा, त्याच जातकुळीचा हा व्यवहार. हात मोठा की लहान यावरून तिथेही कुरबुरी झाल्याच असणार, पण हक्क नोंदलेला होता तो ओंजळीत. पैसा उतू जाणाऱ्या घराबद्दल बोलताना स्कॉट लोक ‘गाउड इन गाउपन्स’ म्हणत, ओंजळी ओंजळींनी सोनं.

गाउपनला इंग्लंडच्या गावबोलीत ‘येप्सन’ नावाचं भावंडही आहे, तेही जोडल्या हातांचंच. मुठीला स्कॉटिश बोलीत ‘निव्ह’, म्हणून मूठभर ते ‘निव्हफु’. आणि मला सगळ्यात आवडतो तो कॅनडातल्या न्यूफाउंडलंडच्या कोळ्यांचा ‘यॅफल’: वाळवलेला कॉड मासा दोन्ही हातांनी छातीशी कवटाळून उचलला की जेवढा येईल तेवढा. इतका नेमका शब्द मुंबईच्या सुक्या बाजारातही चालला असता.

खरी गोम इथे आहे. तुलना करताना आपण मराठी घेतो आजीच्या कोठीतली आणि इंग्रजी घेतो शाळेच्या क्रमिक पुस्तकातली. मग एक भरलेली आणि एक रिकामी दिसणारच. उद्या कुणी फक्त सरकारी परिपत्रकांतली मराठी वाचून ‘या भाषेत चुळीला, घोटाला शब्द नाही’ म्हणाला, तर आपण त्याला वेड्यात काढू.

आता हेन्रीचं पाऊल. पहिला हेन्री ११०० ते ११३५ या काळात इंग्लंडचा राजा होता. त्याच्याच काळातला इतिहासकार, माम्सबरीचा विल्यम, लिहून गेला आहे की व्यापाऱ्यांचा खोटा ‘एल’ राजानं आपल्या हाताच्या लांबीनं सुधारला. नीट वाचा: हात, पाऊल नव्हे, आणि माप एल, म्हणजे कापडाचं, फूट नव्हे. कोपराला इंग्रजीत ‘एल्बो’ म्हणतात त्यातला हा एल. पुढच्या शतकांत गोष्ट सांगणाऱ्यांनी या हाताला नाक जोडलं, मग यार्ड जोडला, मग पाऊलही जोडलं. फूट तर या हेन्रीच्या हजार वर्षं आधी रोमन लोक वापरत होते. त्यांचा फूट साधारण २९.६ सेंटिमीटरचा. त्याचे बारा भाग, आणि प्रत्येक भागाचं नाव ‘उंकिया’, म्हणजे बारावा हिस्सा. तोच उंकिया इंग्रजीत येऊन ‘इंच’ झाला आणि वजनात ‘औंस’. इंग्रजी इंचाच्या नावात अंगठा कुठेच नाही! फ्रेंचमध्ये इंचाला आणि अंगठ्याला एकच शब्द आहे, डच भाषेतही तसंच. तिथलं आणून इंग्रजीला चिकटवलं की मेसेज तयार.

बरं, जिथे खरोखर अंगठ्यानं मोजलं तिथे तरी तो राजाचा होता का? डेव्हिड राजाच्या नावावर चालत आलेल्या स्कॉटिश नियमात इंच ठरवायला तीन माणसांचे अंगठे घ्यायला सांगितलंय: एक दांडगा, एक मध्यम, एक बारका. नखाच्या मुळाशी मोजायचं आणि सरासरी काढायची. इंग्लंडच्या मध्ययुगीन नियमात तर अंगच नाही: जवाचे तीन दाणे, वाळलेले आणि गोल, म्हणजे एक इंच, असे बारा म्हणजे फूट, तीन फूट म्हणजे यार्ड. सोळाव्या शतकात याकोब क्योबेल नावाच्या जर्मन लेखकानं भूमितीच्या पुस्तकात आणखी गमतीची रीत दिली आहे. रविवारी चर्च सुटलं की दारात उभं राहायचं. बाहेर पडतील तशी सोळा माणसं थांबवायची, उंच-बुटकी निवडायची नाहीत. त्यांची डावी पावलं एकापुढे एक, टाच अंगठ्याला टेकवून लावायची. जी लांबी होईल ती जमीन मोजायची काठी, आणि तिचा सोळावा भाग म्हणजे फूट. पुस्तकात त्याचं चित्रही आहे. संख्याशास्त्र हा शब्द जन्मायच्या आधी गावच्या पटांगणात काढलेली ही सरासरी आहे. हिला लहरी म्हणायचं असेल तर मग बोलणंच खुंटलं.

मेसेजमध्ये एक धागा मात्र खरा आहे: मापं गावोगाव वेगळी असत. इंग्लिश एल ४५ इंचांचा, स्कॉटिश ३७ चा, फ्लेमिश २७ चा. कापडवाल्यानं कुठला एल धरला यावर गिऱ्हाइकाचं नशीब. पण हा फरक माणसांच्या हातांमुळे पडत नव्हता. ज्या त्या राज्याची पट्टी धातूची, ठरवून ठेवलेली. स्कॉटलंडमधल्या डंकेल्ड गावात चौकातल्या एका घराच्या भिंतीवर असा लोखंडी एल अजून आहे. भांडण पट्ट्यांचं होतं. ‘इंच दिला तर एल घेतो’ ही इंग्रजी म्हण त्याच बाजारातली. आपण बोट दिलं तर हात धरतो म्हणतो.

‘रूल ऑफ थंब’ची काठी जास्त चिवट आहे. गोष्ट अशी सांगतात की अंगठ्यापेक्षा जाड नसलेल्या काठीनं बायकोला मारायला इंग्लिश कायद्यानं परवानगी होती. असा कायदा नव्हता. १७८२ मध्ये फ्रान्सिस बुलर नावाचे न्यायाधीश असं काही बोलल्याची वदंता उठली आणि जेम्स गिलरे या व्यंगचित्रकारानं त्यांना ‘जज थंब’ करून काठ्यांचे भारे विकायला बसवलं. बुलर तसं बोलल्याची नोंद कुठल्याच निकालात नाही. पुढे एकोणिसाव्या शतकात अमेरिकेतल्या कोर्टांत अंगठ्याएवढ्या काठीचा उल्लेख येतो, आणि मारहाणीकडे न्यायालयं काणाडोळा करत हेही खरंच. पण ‘अनुभवाच्या अदमासानं’ या अर्थाचा वाक्प्रचार सतराव्या शतकापासून छापला जात होता, बुलर जन्मायच्याही आधी. त्याची काठीशी गाठ मारली गेली ती १९७० नंतरच्या अमेरिकेत. १९८२ मध्ये तिथल्या नागरी हक्क आयोगानं मारहाण झालेल्या स्त्रियांवरच्या अहवालाला हेच नाव दिलं, आणि गोष्ट पक्की बसली.

नऊवारीचं लवकर उरकू. ‘द फुल नाइन यार्ड्स’ सापडतं ते १९०७ सालच्या इंडियानातल्या एका छोट्या गावच्या वर्तमानपत्रात. पाच वर्षांनी केंटकीत तेच ‘होल सिक्स यार्ड्स’ होतं. आकडा असा घसरतो म्हणजे त्यामागे ठरावीक वस्तू नव्हती. सहावारीवाल्यांनीही दावा लावायला हरकत नाही. शिवाय यार्ड हा शब्द अंगावरून आलेलाच नाही. त्याचं मूळ छडी, काठी.

राहिला शेवटचा मुद्दा: अंगाची मापं अडाणी होती आणि मीटर आल्यावर गेली. अडाणी कशी ते फॅदमवरून बघा. फॅदम म्हणजे पसरलेल्या दोन हातांच्या टोकापासून टोकापर्यंत, पुढे सहा फुटांवर पक्का केलेला. कोकणातल्या दर्यावर्दींचा वाव तो हाच. हे माप निवडलं गेलं कारण ओली दोरी ओढताना माणूस एका खेपेला तेवढीच ओढतो. ओढणं आणि मोजणं एकाच हालचालीत होतं. ब्रिटिश जहाजांवर खोली मोजायच्या दोरीला ठरल्या जागी खुणा असत. दोन फॅदमवर चामड्याच्या दोन पट्ट्या, तीनवर तीन, पाचवर पांढरं कापड, सातवर लाल, दहावर भोक पाडलेलं चामडं. कापडांचं सूतही मुद्दाम वेगळं, म्हणजे काळोखात रंग दिसला नाही तरी हाताला, नाहीतर ओठांना कळावं. दोरीच्या टोकाला बांधलेल्या शिशाच्या गोळ्याला खालून खळगा, त्यात चरबी भरलेली. ती तळाची वाळू, शिंपले, चिखल चिकटवून वर आणायची. किती पाणी आहे आणि खाली काय आहे, दोन्ही उत्तरं एका खेपेत. याला अडाणी म्हणणाऱ्यानं रात्री खाडीच्या तोंडाशी नाव आणून दाखवावी.

आणि गेली म्हणता, तर घोडे अजून ‘हँड’मध्येच मोजतात, खांद्यापर्यंत. एक हँड चार इंचांचा. इथे नवखा माणूस हमखास फसतो: १४.२ म्हणजे चौदा पूर्णांक दोन दशांश नव्हे, चौदा हँड आणि दोन इंच. १४.३ नंतर थेट १५. फूट तर १९५९ मध्ये इंग्रजी बोलणाऱ्या सहा देशांनी मिळून ०.३०४८ मीटरवर नेमका बांधून घेतला, म्हणजे मीटरनं त्याला मारलं नाही, उलट कागदपत्र करून दिले. विमानाची उंची आजही फुटांत सांगतात.

लांब कशाला जायचं? १९५६ चा मेट्रिक कायदा होऊन किती वर्षं झाली, तरी आपण स्वतःची उंची फूट-इंचांत सांगतो. गुंठा म्हणजे ३३ फूट गुणिले ३३ फूट, १०८९ चौरस फूट. वाळूचा ब्रास म्हणजे १०० घनफूट. पुण्यात फ्लॅटचा भाव चौरस मीटरवर विचारला तर एजंट आधी आपल्याकडे बघतो, मग मोबाइलवर गुणाकार करतो. आणि दर पावसाळ्यात आख्खा महाराष्ट्र ज्याच्याकडे डोळे लावून बसतो तो कोयनेचा आकडा, धरण भरलं की सुमारे १०५ टीएमसी, त्यातला एक टीएमसी म्हणजे हजार दशलक्ष घनफूट.