दर महिन्याला एक स्पर्धा? झेपत नाही

धावण्याच्या स्पर्धांवरचा लेख आवडला, पण ‘दर महिन्याला एक तरी स्पर्धा धावा’ हा सल्ला पटला नाही. मी ४७ वर्षांचा, नोकरी सांभाळून धावणारा. तीन वर्षांपूर्वी हा उद्योग करून पाहिला. मेडलं भरपूर जमली, आणि ऐन मुंबई मॅरेथॉनच्या आधी पोटरी धरली ती धरलीच.

आता मी वर्ष उलटं मांडतो. मुंबई मॅरेथॉन जानेवारीच्या तिसऱ्या रविवारी. तिथून १६-१८ आठवडे मागे मोजले की सप्टेंबर येतो, म्हणजे सरावाची सुरुवात आणि सातारा हिल हाफ (डोंगरातली हाफ, म्हणजे २१ किलोमीटरची अर्धमॅरेथॉन) जवळपास एकाच वेळी. साताऱ्यात यवतेश्वरचा घाट चढताना घड्याळाकडे बघायचंच नाही. मांड्यांची खरी वाट उतारावर लागते, म्हणून पुढचा आठवडा नुसतं चालणं. डिसेंबरात एक हाफ, तीही सराव म्हणून, जीव न काढता. शेवटचा ३२ किलोमीटरचा पल्ला मुंबईच्या तीन आठवडे आधी, त्यानंतर अंतर कमी करत जायचं. मुंबईच्या मार्गावरचा पेडर रोडचा चढ दमलेल्या पायांनीच चढायचा असतो, तिथे ही वाचवलेली ताकद उपयोगी पडते.

एप्रिल-मेत काही नाही. आमच्या जळगावात सकाळी सहालाच घामाच्या धारा!

आणि हो, नोंदणीचे पैसे भरण्याआधी कालनिर्णय उघडून घरातल्या लग्नांच्या तारखा बघा. मी एकदा मेव्हणीच्या लग्नाच्या दिवशीची हाफ बुक केली होती. पैसे परत मिळाले नाहीत, बोलणी मात्र अजून मिळतात.