मुळं पाण्यात आहेत म्हणून झाडाला ऊन लागत नाही?

महिन्याभरात एकच मेसेज मला चौघांनी पाठवला. एक निपाणीच्या भाच्यानं, एक चिकोडीच्या मित्रानं, दोन आमच्याच बेळगावच्या अनगोळातल्या गच्चीवाल्यांनी. मथळा होता, ‘ॲक्वापोनिक्सला उन्हाळा लागत नाही’. ॲक्वापोनिक्स म्हणजे मासे आणि भाज्या एकाच पाण्यावर वाढवणं : पंप माशांच्या टाकीतलं पाणी खडीच्या बेडमधून फिरवतो, खडीतले जिवाणू माशांच्या घाणीचं खत करतात आणि ते झाडं घेतात. खाली सहा गोष्टी : मुळं पाण्यातच असल्यामुळं झाडाला ऊन बाधत नाही, तरीही पानं मलूल दिसली तर टाकीत बर्फ टाका, वर मिळेल तितकी दाट शेडनेट बांधा, झाडाला ताकद यावी म्हणून माशांचं खाद्य वाढवा, रात्री पंप बंद ठेवून वीज वाचवा, आणि पहिला वळीव आला की ते पाणी थेट टाकीत सोडा. शेवटी जोडलेले हात आणि ‘पुढे पाठवा’.

मी पुढे पाठवला नाही. माझ्या गच्चीवर ५०० लिटरची माशांची टाकी आहे, खडीचे दोन बेड आहेत (आमचा कन्नड मिस्त्री खडीला जल्ली म्हणतो) आणि थर्माकोलच्या तरंगत्या फळीवर लेट्यूस लावलेला एक उथळ हौद आहे. या सहांपैकी दोन चुका मी स्वतः करून बसलोय, म्हणून लिहितो.

पहिलाच मुद्दा सगळ्यात गोड आणि सगळ्यात घातक. मुळं पाण्यात, मग झाडाला कसली आलीय तहान? एप्रिलातल्या एका दुपारी साडेतीनला माझं लेट्यूस पिळून टाकलेल्या फडक्यासारखं पडलं होतं आणि त्याच्या खाली फूटभर पाणी होतं. थर्मामीटर बुडवला, पाणी ३३ अंश. पाणी समोर असलं म्हणून मुळांना ते ओढता येतंच असं नाही. त्यासाठी जिवंत मूळ लागतं आणि मुळाला श्वास घ्यायला पाण्यात विरघळलेला प्राणवायू लागतो. पाणी तापलं की नेमका तोच कमी होतो. समुद्रसपाटीला २० अंशांच्या एका लिटर पाण्यात साधारण ९ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, ३० अंशांना साडेसात. बेळगाव पडलं साडेसातशे मीटर उंचीवर, तेव्हा आपल्या वाट्याला त्यातलाही आठ-नऊ टक्के कमीच, म्हणजे जेमतेम ७. आणि त्यावर हक्क सांगणारे तिघे : मासे, मुळं आणि खडीतले जिवाणू. उकाड्यात तिघांचीही गरज वाढलेली असते.

आता हे ओळखायचं कसं? दुपारी पान लवलं आणि संध्याकाळी सहाला पुन्हा ताठ झालं, तर घाबरू नका. दुपारी पानातून उडतं तेवढं पाणी मुळांना पुरवता येत नाही, एवढाच त्याचा अर्थ. सकाळी सातलाही झाड लवलेलंच असेल तर मात्र फळीतली कुंडी उपसून मूळ बघा. चांगलं मूळ पांढरं, ताठ, वासाला ओल्या मातीसारखं. माझी त्या दिवशी चहाच्या रंगाची आणि बुळबुळीत झाली होती. एक मूळ चिमटीत धरून ओढलं, तर वरची साल मोज्यासारखी निघून हातात आली आणि आत नुसता बारीक दोरा उरला. ही पिथियमची खूण, गरम आणि गुदमरलेल्या पाण्यात फोफावणाऱ्या मूळकुजीची. लेट्यूसच्या मुळांना २० ते २४ अंश मानवतात. पाणी २८ च्या वर जाऊन तिथंच राहिलं की ही ब्याद दारात उभी असते. सगळी फळी उपसून फेकली, हौद घासला. घरचे म्हणाले, एवढं पाणी असून वाळलं कसं? त्यांनाही मेसेजवाल्यासारखंच वाटत होतं.

बर्फाचं गणित मी वहीवर मांडून बघितलं. १० किलो बर्फ ५०० लिटर पाण्यात पूर्ण विरघळला की पाणी दोन-सव्वादोन अंशांनी उतरतं. फ्रीजमधली लिटरभराची गोठवलेली बाटली टाकली तर पाव अंशही नाही. उलट बाजूनं बघा : दोन चौरस मीटर उघड्या पाण्यावर किंवा खडीवर चार तास कडक ऊन पडलं आणि ते सगळं मुरलं, तर तेवढी उष्णता फेडायला ५० किलोच्या आसपास बर्फ लागेल. रोज! त्यापेक्षा ते ऊन पडू न देणं स्वस्त नाही का? शिवाय बर्फाची लादी पडते त्या कोपऱ्यात मासे एकदम गारठतात, आणि बाजारच्या बर्फाचं पाणी कुठलं ते विचारायची सोय नसते.

यावर आपल्याकडचं उत्तर खानापूरच्या कुंभारांनी कधीच देऊन ठेवलंय. माठ गार का राहतो? बाहेर झिरपलेलं पाणी वाफ होऊन उडताना आतली उष्णता घेऊन जातं. एक लिटर पाणी असं उडालं तर ते पाच किलो बर्फाचं काम करतं. मी टाकीभोवती गोणपाट गुंडाळून ते दुपारभर ओलं ठेवतो आणि बेडमधून परत येणारं पाणी झारीच्या तोंडातून टाकीत पाडतो, म्हणजे वाराही लागतो आणि प्राणवायूही मिसळतो. एप्रिलच्या कोरड्या हवेत हे झकास चालतं. वळवाआधीच्या घामट दुपारी मात्र गोणपाट नुसतं ओलं राहतं, काम करत नाही, हेही सांगून ठेवतो. आणि उडालेल्या पाण्याची भर रोज थोडी थोडी घाला. नळाचं असेल तर उघड्या बादलीत एक दिवस ठेवून, म्हणजे क्लोरीन उडून जातो.

शेडनेटबद्दल मेसेज अर्धा बरोबर आहे. नेट हवीच. पण ९० टक्क्यांच्या नेटखाली झाडाला दहा टक्के उजेड उरतो. पालक-माठ लांबुडके, फिकट होतात आणि वाऱ्यात लोळतात. पालेभाज्यांना ५० टक्क्यांची पुरे. ती पानांना टेकवू नका, दोन-तीन फूट वर ताणा, खालून हवा खेळली पाहिजे. आपल्या भागात मेच्या पहिल्या आठवड्यात सूर्य भर दुपारी बरोबर डोक्यावर येतो, तेव्हा कडेला लावलेले पडदे बाराला काही उपयोगाचे नाहीत. वरचं छत आणि तिनानंतर पश्चिमेचा आडोसा, दोन्ही हवं. ती ९० टक्केवाली आधीच घेतली असेल तर माशांच्या टाकीवर घाला. टाकीला उजेड नकोच असतो, शेवाळही धरत नाही. आणि बेडखालच्या स्लॅबला चुना मारा. दुपारी अनवाणी गच्चीवर पाऊल टाकून बघा, तो ताप बेडला खालून लागत असतो.

खाद्य वाढवा हा सल्ला मी पाळला होता. नवी पानं पिवळी आणि शिरा तेवढ्या हिरव्या दिसल्या, मला वाटलं खत कमी पडतंय. दोन्ही वेळचं खाद्य दीडपट केलं. चौथ्या दिवशी पहाटे मासे पृष्ठभागावर तोंड काढून आ वासत होते. पिवळेपणा लोहाच्या कमतरतेचा होता. पाण्याचा पीएच (पाणी आम्ल की अल्कली हे सांगणारा आकडा) ७ च्या वर चढला की लोह असूनही झाडाला मिळत नाही, त्याला चिलेटेड लोह, म्हणजे झाडाला घेता येईल अशा रूपातलं लोह, हा इलाज. खाद्यानं वाढला तो अमोनिया. पीएच ८ असेल तर २५ अंशांना त्यातला साडेपाच टक्के भाग विषारी रूपात असतो, ३० अंशांना साडेसात. म्हणून उन्हाळ्यात खाद्य कमी, सकाळी आठ-नऊला, पाच मिनिटांत संपेल एवढंच.

रात्री पंप बंद? ही माझी दुसरी चूक, आणि मला हिचाच जास्त राग येतो, कारण बेळगावात आपल्याला जे फुकट मिळतं तेच हा सल्ला फेकून देतो. इथं एप्रिलातसुद्धा रात्री पारा २०-२२ पर्यंत उतरतो. ती गार हवा खडीतून खेळवून दिवसभराचा ताप बाहेर टाकायची वेळच ती. खरं तर बेड उघड्यावर असेल तर दुपारी बारा ते चार पंपाच्या फेऱ्या थोड्या कमी करणं एक वेळ समजू शकतो, कारण तापलेल्या खडीतून आलेलं पाणी टाकी तापवतं. पण तेव्हा टाकीतला हवेचा पंप चालू पाहिजे. रात्री उलट फेऱ्या वाढवा. माझा पंप १८ वॅटचा, दहा तासांत युनिटचा पाचवा हिस्साही खात नाही. वळिवात लाईट जाणार हे गृहीत धरून बॅटरीवरचा एक हवेचा पंप घेऊन ठेवा, ते जास्त महत्त्वाचं.

एक गोष्ट मेसेजमध्ये नाहीच : उन्हाळ्यात लेट्यूस-कोथिंबिरीचा हट्ट कशाला? उकाड्यात दोन्ही लगेच तुऱ्यावर येतात, लेट्यूस तर कडूही होतं. माठ, मायाळू, अंबाडी, भेंडी लावा, ती हसतखेळत तरतात.

राहिला वळीव. पावसाचं पाणी मऊ असतं, बोअरच्या जड पाण्यात ते मिसळणं चांगलंच. पण पहिली सर गच्चीवरची चार महिन्यांची धूळ, कबुतरांची घाण आणि मी मारलेला चुना, सगळं धुऊन आणते. चुन्याचं ते पाणी टाकीत गेलं तर पीएच उसळतो आणि वर सांगितलेलं अमोनियाचं गणित पुन्हा सुरू. म्हणून ढग गडगडले की मी आधी पन्हाळीचा पाईप टाकीवरून काढून बाहेर वळवतो. गारा पडायच्या थांबल्या, पाणी नितळ दिसायला लागलं, की तो निळ्या बॅरलमध्ये सोडतो आणि दुसऱ्या दिवशी पीएच बघून बादली-बादलीनं टाकीत घालतो.