भावकीचं भांडण नातवंडांपर्यंत टिकवायचंय? मग वाचाच

वाटणीचा नाहीतर रस्त्याचा वाद चुकून दोन-चार वर्षांत मिटेल की काय अशी धास्ती असेल तर घाबरू नका, आपल्या नाशकात सगळी सोय आहे. सीबीएस बसस्टँडला उतरायचं, जुन्या आग्रा रोडवर जिल्हा कोर्ट पण आहे आणि कलेक्टर ऑफिस पण, फक्त ज्या गेटात काम होणारे त्या गेटात आधी जायचं नाही एवढं पाळा.

समजा चुलत्यांनी आत्यांची नावं गाळून वारसनोंद टाकली. तलाठ्याची नमुना नऊची नोटीस येईल, पंधरा दिवसांत लेखी हरकत घेतली तर नोंद तक्रारी होते आणि मंडळ अधिकाऱ्याला सुनावणी घ्यावी लागते, म्हणून नोटीस देव्हाऱ्यातल्या फोटोमागे खोचून ठेवा. नोंद मंजूर झाली की प्रांताकडे, म्हणजे उपविभागीय अधिकाऱ्याकडे, अपिलाला 60 दिवस असतात, तेही लग्नसराईत जाऊ द्या. मग थेट दिवाणी दावा ठोका, सरकार-तहसीलदार-तलाठी सगळे प्रतिवादी, आणि मागणी एकच, फेरफार म्हणजे सातबाऱ्यावरची ती नोंद रद्द करा. 1966 च्या जमीन महसूल संहितेचं कलम 158 सांगतं की नोंद घाला, काढा किंवा बदला एवढ्यासाठी सरकारवर किंवा अधिकाऱ्यावर दावा चालत नाही. समोरचा वकील ऑर्डर सात रूल अकराचा, म्हणजे दावा दारातच फेटाळा असा, अर्ज टाकेल आणि त्यावरच म्हणण्याला तारीख, युक्तिवादाला तारीख असं निवांत चालेल.

तुमचा वकील म्हणाला की अहो, आपण आत्यांचा हिस्सा जाहीर करून वाटप मागू, मालकी दिवाणी कोर्टच ठरवतं, हुकूमनामा झाला की सातबारा बदलावाच लागेल, तर वकील बदला, असली माणसं केस संपवतात. सातबाऱ्यावर नाव लागलं म्हणून मालकी मिळत नाही, त्याच संहितेच्या कलम 157 प्रमाणे नोंद उलट सिद्ध होईपर्यंतच खरी धरायची असते, सुप्रीम कोर्टानेही हे किती वेळा सांगितलंय, पण पारावर कोणी मान्य करत नाही, तुम्हीपण करू नका.

याच्या उलटही जमतं, म्हणजे कोर्टाचं काम महसूल कचेरीत न्यायचं. आजोबांच्या मृत्युपत्रावरची सही खरी की खोटी हा प्रश्न मंडळ अधिकाऱ्यापुढे मांडा. मग प्रांत, अपर जिल्हाधिकारी, नाशिकरोडला आयुक्त कार्यालय, पुढे थेट मुंबई, आणि बऱ्याचदा शेवटी एकच ओळ हातात येते, "हक्काबाबत दिवाणी न्यायालयात दाद मागावी".

कुळाचा, म्हणजे दुसऱ्याची जमीन खंडाने (भाड्याने) कसणाऱ्याचा, मुद्दा तर सोनं आहे. दाव्याच्या उत्तरात "आम्ही कूळ आहोत" एवढं घाला, जमल्यास जुना खंडाचा कागद जोडा. कूळ कायद्याच्या 85-अ प्रमाणे तो मुद्दा कोर्टाला तहसीलदाराकडे पाठवावा लागतो, त्यावर तिकडची अपिलं, तोवर इकडे दावा गार. नुसतीच थाप असली तर काही न्यायाधीश ओळखतात, तेवढी रिस्क आहे.

रस्त्याचं मात्र सांभाळून. दिंडोरीकडे ऐन खुड्यात कोणी वाट नांगरली, द्राक्षाचे क्रेट डोक्यावरून वाहायची पाळी आली, तर 1906 च्या मामलतदार कोर्ट कायद्याच्या कलम 5 खाली तहसीलदार अडथळा काढायला लावू शकतो, पण अर्ज सहा महिन्यांत पाहिजे. तेव्हा सातव्या महिन्यापर्यंत पंचांचे चहा पीत बसा. बांधावरून नवीन रस्ता हवा असेल तर जमीन महसूल संहितेचं कलम 143, आणि त्यातल्या निकालावर वर्षभरात दिवाणी दावा कायद्यानेच दिलाय, फक्त दावा केला की अपील-फेरतपासणी बंद. म्हणून तुम्ही दोन्ही करा, दोन वेगळे वकील लावून, एकमेकांना न सांगता.

मुदत संपली तर? मुदत कायद्याचं कलम 14 आहे ना, अधिकार नसलेल्या कोर्टात गेलेला वेळ वजा मिळतो. फक्त तिथे प्रामाणिकपणे गेलो होतो हे दाखवावं लागतं, त्यामुळे वाचून झालं की मोबाईलमधून हा लेख तेवढा डिलीट मारा.