‘लोकांना संयम नाही’ म्हणणाऱ्यांना उत्तर

‘झोपडपट्टीतल्या लोकांना संयम नाही, घरात बसवेना त्यांना, म्हणून करोना पसरला. दंडुक्याशिवाय ऐकत नाहीत.’ 2020 पासून या आशयाचा मजकूर फिरतोय आणि शिकलेली माणसं तो बिनदिक्कत पुढे पाठवतात.

आधी संयमाचं बघू. जुलै 2020 मध्ये मुंबईत माटुंगा, चेंबूर आणि दहिसर भागात रक्ततपासणी झाली. झोपडपट्टीतल्या 57 टक्के लोकांच्या रक्तात प्रतिपिंडं (अँटीबॉडी, म्हणजे संसर्ग होऊन गेल्याची खूण) सापडली, बाकीच्या वस्तीत 16 टक्के. हाच आकडा बेशिस्तीचा पुरावा म्हणून दाखवतात. पण पाहणी करणाऱ्यांनी संभाव्य कारणं सांगितली ती दाट वस्ती, सामाईक संडास आणि पाण्याचे नळ. घरात संडास नसेल तर सकाळी रांगेत उभं राहावंच लागतं. गल्लीच जेमतेम तीन फुटांची, तिथे सहा फुटांचं अंतर ठेवायचं कुठे? संडास घरात असलेल्याने त्या रांगेतल्या बाईला संयम शिकवावा, याचा मला खरंच संताप येतो.

वांद्रे स्टेशनबाहेर 14 एप्रिल 2020 ला मजुरांची गर्दी झाली, तेही बेशिस्तीच्या खात्यात जातं. त्याच दिवशी टाळेबंदी 3 मेपर्यंत वाढली होती. हातावर पोट, तीन आठवडे काम बंद. गावाकडे ओढ लागणारच.

मोठ्या फ्लॅटमध्ये राहून, पगार चालू असताना ज्यांनी पार्ट्या केल्या, त्यांना खुशाल बेशिस्त म्हणा.

राहिला दंडुका. तो पुण्याने 1897 च्या प्लेगात अनुभवलाय. प्लेग अधिकारी रँडच्या कारभारात गोरे सोजीर घरात घुसून झडत्या घ्यायचे, आणि लोक रोगी लपवायचे. धाकाने रोगी दडले की साथ शोधायची कशी?

धारावीत पहिला रुग्ण 1 एप्रिल 2020 ला सापडला. महापालिकेने खाजगी डॉक्टरांना सोबत घेऊन दारोदार तपासणी केली, ताप तपासणी शिबिरं लावली, संशयितांना शाळांमध्ये ठेवून जेवण दिलं, सार्वजनिक संडास पुन्हापुन्हा निर्जंतुक केले. जुलैत जागतिक आरोग्य संघटनेच्या प्रमुखांनी साथ आटोक्यात आणल्याचं उदाहरण म्हणून धारावीचं नाव घेतलं. संसर्गातून आलेल्या प्रतिकारशक्तीचाही त्यात वाटा असेल, मान्य. पण तीन महिन्यांत तिथल्या माणसांचा स्वभाव बदलला, असं तर हा मजकूर पाठवणारेही म्हणणार नाहीत.