'विचारा आणि लिहा' : अनामिक यांच्या प्रतिक्रियेला उत्तर

अनामिक महोदय,

कारगिलच्या लढाईचा नेमका वृत्तान्त लिहिणं का अवघड आहे, हे सांगणाऱ्या माझ्या लेखाखाली तुम्ही लिहिलंत, 'युद्धाला पंचवीस वर्षं उलटली, लढलेले जवान हयात आहेत. त्यांना विचारा आणि लिहा. बाकी सगळ्या आळशी माणसाच्या सबबी.' शिवाय पॉइंट ५१४० हे कारगिलमधलं शिखर जिंकल्याची तारीख चुकल्याचंही दाखवलंत.

तारीख चुकली, मान्य. १९ जूनच्या जागी २० जून १९९९ केलं आहे. पण रात्रीच्या हल्ल्यात चढाई एका तारखेला सुरू होते आणि शिखर दुसऱ्या तारखेच्या पहाटे हाती येतं. एका कागदावर पहिली तारीख असते, दुसऱ्यावर दुसरी.

'आळशी' हा शब्द मात्र मला लागला. वीस वर्षं हेच काम करतोय, हा शब्द ऐकून घेणार नाही.

'विचारा' म्हणजे नेमकं काय करा? ५१४० मीटर उंचीवर, विरळ हवेत, काळोखात जवानाला स्वतःचं सेक्शन, म्हणजे दहाएक जणांची तुकडी कळते, शंभरएक जणांची कंपनी नाही. म्हणून एकाच प्लाटूनमधल्या (काही सेक्शन मिळून होते ती तुकडी) दोघांना वेगवेगळं बसवायचं. आधी नकाशा न दाखवता बोलू द्यायचं. मग उंचीच्या रेषा दाखवणारा कंटूर नकाशा पसरून बोट ठेवायला सांगायचं. त्यानंतर विचारायचं, उजेड होता का? त्या रात्री शुक्ल पक्षातला, अष्टमीच्याही आधीचा चंद्र मध्यरात्रीच्या सुमारास मावळला होता. शेवटच्या चढाईत लख्ख चांदणं होतं असं कुणी सांगितलं, तर तो खोटं बोलत नसतो. दुसऱ्या रात्रीची आठवण या रात्रीत मिसळलेली असते. पंचवीस वर्षांत त्यात टीव्हीवर पाहिलेलंही मिसळतं.

नावांचं तर विचारूच नका. योगेंद्रसिंह यादव यांचं परमवीर चक्र आधी मरणोत्तर म्हणून जाहीर झालं. ते रुग्णालयात जिवंत होते. त्यांच्याच पलटणीतला त्याच नावाचा दुसरा जवान शहीद झाला होता. म्हणून मुलाखतीत नावाच्या आधी आर्मी नंबर, म्हणजे प्रत्येक जवानाचा वेगळा असलेला क्रमांक, लिहून घ्यायचा.

मग कागद बघा, म्हणाल. वॉर डायरी, म्हणजे पलटणीची युद्धकाळातली अधिकृत नोंदवही, लढाई ओसरल्यावर, वायरलेसवरच्या निरोपांवरून भरली जाते. ज्याचा सेट बंद पडला, त्याची लढाई तिच्यात पुसटच राहते. २०२१ च्या संरक्षण मंत्रालयाच्या धोरणानुसार नोंदी साधारणपणे २५ वर्षांत खुल्या व्हायला हव्यात. पण आधी त्या युद्धाचा इतिहास लिहून व्हायला हवा, मग कागद राष्ट्रीय अभिलेखागारात. आणि तो लिहिलेला इतिहास? कारगिल युद्धात बटालिक भागात लढलेले ब्रिगेडियर देविंदर सिंग यांच्या प्रकरणात सशस्त्र दल न्यायाधिकरणाने २०१० मध्ये लष्कराला स्वतःचाच वृत्तान्त दुरुस्त करायला सांगितलं. हे माहीत नसताना दुसऱ्याला आळशी म्हणायचं?

लेख लांबला, फोटो कमी आहेत, या मुद्द्यांवर बोलत नाही.

तुमच्या ओळखीत त्या रात्री वर चढलेलं कुणी असेल, तर पलटण, कंपनी आणि प्लाटून तेवढी कळवा. नकाशा घेऊन मी येतो.