कुलाबा स्टेशन बंद पडलं नाही, बंद केलं गेलं

'प्रवासी घटले म्हणून कुलाबा टर्मिनस बंद पडलं' हे मुंबईतल्या या जुन्या रेल्वे स्टेशनावरच्या तुमच्या लेखातलं वाक्य अजिबात पटलं नाही. बीबीसीआय रेल्वेने (आजची पश्चिम रेल्वे) ५ जानेवारी १९२८ला विजेची लोकल सुरू केली ती कुलाबा ते बोरिवली. त्याच वर्षी सप्टेंबरात पेशावरला जाणारी फ्रंटियर मेलही इथूनच सुटू लागली. शेवटच्या घटका मोजणाऱ्या स्टेशनावर कोण एवढा खर्च करेल? खरं कारण जमिनीचं. बॅकबेची भरणी, म्हणजे किनाऱ्यालगतचा समुद्र बुजवून जमीन करणं, सुरू झाली आणि चर्चगेटच्या पुढचे रूळ सरकारला नकोसे झाले. १८ डिसेंबर १९३०ला बॉम्बे सेंट्रल सुरू झालं, आणि ३१ डिसेंबरच्या मध्यरात्री कुलाब्याचा गाशा गुंडाळला. १८९६ची ती देखणी इमारत जेमतेम चौतीस वर्षं वापरात राहिली, याची फार हळहळ वाटते.

माझं ऑफिस कफ परेडला. चर्चगेटला लोकलमधून उतरायचं आणि शेअर टॅक्सीच्या रांगेत घामाघूम उभं राहायचं, हे रोजचंच. टॅक्सी जिथून वळते तो बधवार पार्क, म्हणजे रेल्वे अधिकाऱ्यांची वसाहत, कुलाबा स्टेशनाच्याच जागेवर आहे. लेखात याचा उल्लेख हवाच होता. कृपया दुरुस्ती करताना तोही घालावा.