खोकला आला की मास्क खाली? मग घातलाय कशाला राव?

डोकं फिरलंय आज. आईची केमो चालू आहे त्यामुळं मिरजेला हॉस्पिटलच्या चकरा चालूच असतात आणि दर वेळी त्या वेटिंगमध्ये बसून जे बघायला लागतंय ना, शिरा ताणल्या जातात. आज समोरच्या बाकावर एक काका होते. मास्क अगदी नाकापर्यंत, मला बरं वाटलं, म्हटलं चला एकजण तरी नीट घालून बसलाय. तेवढ्यात त्यांना खोकला आला. तर या माणसानं दोन बोटांनी मास्क हनुवटीखाली ओढला, पोटातनं ढास काढून मोकळ्या तोंडानं खोकला, तोंड सरळ आमच्याकडं, आणि खोकून झाल्यावर परत मास्क वर!! अहो त्या खोकल्यासाठीच तर घातलाय ना तो? छत्री घेऊन हिंडायचं आणि पाऊस आला की मिटायची असला प्रकार आहे हा. मी म्हणलो काका मास्कमध्येच खोका की, तर म्हणतात "मग मास्क खराब हुतंय ओ". खराब होतोय तर बदला! पाच-दहा रुपयाची वस्तू आहे.

आणि हे एकट्या काकांचं नाही. शिंक आली मास्क खाली, फोन आला मास्क खाली, नर्सनं नाव पुकारलं की मास्क खाली करून ओरडायचं "हाय हाय, हितंच हाय". म्हणजे जेव्हा तोंडातनं थुंकी उडणार नेमकं तेव्हाच तोंड उघडं. राहिलेल्यांची नाकं बाहेर. श्वास नाकानं घेताय ना? सोडताय पण नाकानंच ना? मग नुसतं तोंड बांधून काय उपयोग? ती वरच्या कडेला तार असते ती नाकावर दाबून बसवायची असते, चष्म्यावर वाफ यायला लागली म्हणजे वरनं हवा निघतीय, एवढं साधं आहे. रिसेप्शनवरची मुलगी आणि वॉर्डबॉयसुद्धा नाक बाहेर काढून बसत असतील तर पेशंटच्या नातेवाइकाला काय बोलायचं?

लोकांना वाटतं कोरोना गेला विषय संपला. एकानं तर मला तोंडावर सांगितलं, "आता कुठं राहिलाय तुमचा कोरोना". हो, एप्रिल 2022 ला गुढीपाडव्याला सरकारनं सक्ती उठवली, मान्य. पण टीबी गेलाय का? फ्लू गेलाय का? टीबीचे जंतू खोकल्यातनं हवेत उडतात आणि खिडक्या बंद असलेल्या खोलीत तासन्तास तरंगत राहतात, आणि आपल्याकडच्या वेटिंग रूम कशा असतात ते सगळ्यांना माहितेय, एक पंखा आणि खच्चून भरलेली माणसं. मार्च 2020 ला कोरोनामुळं आपलं इस्लामपूर रोज टीव्हीवर होतं, अख्खा सांगली जिल्हा टरकला होता. इतक्यात विसरलो?

माझ्या आईच्या पांढऱ्या पेशी डोसनंतर आठ-दहा दिवसांनी पार खाली जातात. डॉक्टरांनी बजावून सांगितलंय, ताप 100.4 च्या वर गेला की रात्रीचे तीन वाजू देत, थांबायचं नाही, सरळ ॲडमिट. तुम्हाला जे साधं सर्दी-पडसं आहे त्यानं तिला न्यूमोनिया होऊ शकतो. तिनं मास्क घातलाय, पण तिचा एकटीचा पुरेसा नाही हो. साध्या सर्जिकल मास्कचं मुख्य काम घालणाऱ्याच्या तोंडातनं निघालेलं जागच्या जागी अडवायचं आहे. म्हणजे तुमचा मास्क तिच्यासाठी आहे. हे कुणाच्या डोक्यात शिरत नाही, "माझं मी बघून घेईन" म्हणायचं आणि मोकळं व्हायचं. काहीजण व्हॉल्व्हवाला एन-95 घालून ऐटीत बसतात, त्यांचा आत येणारा श्वास गाळून येतो आणि सोडलेला श्वास व्हॉल्व्हमधनं तसाच आमच्या अंगावर.

सगळ्यात डोकं उठलं ते बाहेरच्या मेडिकलात. आईचा मास्क ओला झाला म्हणून दुसरा घ्यायला गेलो. त्या पोरानं पन्नासचा बॉक्स काढला, मास्क एकमेकांना चिकटलेले, तर गड्यानं अंगठा जिभेला लावला आणि नोटा मोजतात तसा एक सुटा करून माझ्या हातात दिला, आणि धरला कुठं तर बरोब्बर मधोमध, जिथं नाकतोंड येतंय तिथं! कानाच्या दोरीला धरून द्यायचा असतो एवढं मेडिकल चालवणाऱ्याला कळू नये? मी तो तिथंच टाकला आणि सीलबंद पाकीट मागितलं तर वर मलाच "लई करताय साहेब".

वानलेस डॉक्टरांनी 1894 ला दवाखाना सुरू केला तेव्हापासून मिरज म्हणजे दवाखान्यांचं गाव. सांगली, सोलापूर, कर्नाटकातनं माणसं येतात, अंग गळालेली, केमोवाली, डायलिसिसवाली. निदान या गावात तरी हे शिकवायला लागू नये.

हॉस्पिटलवाल्यांनो, गेटवर तुमचा वॉचमन पेशंटबरोबर दुसरा माणूस सोडत नाही, गाडी जरा तिरकी लागली तर शिट्टी मारतो. त्याच्या शेजारी एक मास्कचा बॉक्स ठेवा, पाहिजे तर बिलात लावा, आम्ही देतो पैसे. खोकणाऱ्यांना खिडकीजवळ वेगळं बसवा. पुढच्या डोसला मी परत तिथंच बसणार आहे आणि ज्याचं नाक बाहेर दिसेल त्याला बोलणार आहे, भांडण झालं तर होऊ दे.